संगणकाच्या कॅबिनेटमध्ये (पेटीत) बसवण्यापूर्वी मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) तपासण्याबाबत

प्रश्न (घाटंजी तालुका): नवीन मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम (तात्पुरती मेमरी) आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कुरिअरने आले आहेत. वस्तू बदलून घेण्यासाठी गावाहून यवतमाळला जाणे सोपे नसल्याने सर्व भाग आधी कॅबिनेटबाहेर चालवून पाहायचे आहेत. बोर्ड तो ज्या चंदेरी, स्थिर विद्युतरोधक पिशवीत आला तिच्यावरच ठेवून वीज दिली तर चालेल का?

उत्तर १: पिशवीवर मुळीच ठेवू नका, भाऊ. तिचा बाहेरचा थर वीजवाहक असू शकतो, म्हणून बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी बसवा, २४ पिनांची मुख्य जोडणी आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची जोडणी (हीच बरेचदा राहून जाते) अशा दोन्ही द्या, आणि पुस्तिकेत पाहून पॉवर स्विचच्या दोन पिनांना पेचकसाचे टोक एकाच वेळी क्षणभर टेकवा, म्हणजे संगणक सुरू होईल.

उत्तर २: आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत लवकर साचते. बोटाला चटका जाणवण्यासाठी सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, चिप मात्र त्याहून पुष्कळ कमी दाबाने निकामी होते. ती अर्थिंगमधून जमिनीत उतरवता येते, म्हणून अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्या, कारण खेड्यातल्या अनेक घरांत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थची तार जोडलेलीच नसते, आणि जोडलेली असली तरी उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते.

उत्तर ३: डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम असल्यास पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, घाईने वीज तोडू नये. कोणताही भाग काढताना मात्र एसएमपीएसची वायर सॉकेटमधून काढावीच, कारण संगणक बंद असतानाही बोर्डाला ५ व्होल्ट मिळत राहतात.