संमतीने घटस्फोट घ्यायचाय, कराडला की पुण्याला? आणि घरचे म्हणतायत स्टॅम्पवर लिहून मोकळं व्हा

कृष्णाकाठची

नमस्कार, पोस्ट जरा लांबणार आहे सांभाळून घ्या. लग्न २०१८ ला झालं, कराडलाच, नंतर आम्ही पुण्यात कात्रजला राहायचो. आता दीड वर्षाच्या वर झालं मी मुलीला घेऊन माहेरी आहे, ती पाच वर्षांची आहे, इथेच शाळेत घातलीय. मारहाण वगैरे काही नाही, नाही पटलं ते नाहीच पटलं, दोन्हीकडच्या मोठ्यांच्या बैठका झाल्या, मामा येऊन बसून गेले, सगळं करून झालं. आता नवरासुद्धा म्हणतोय की संमतीने मोकळं होऊ.

पण सासरचे म्हणतात कोर्टात कशाला जायचं, वर्षानुवर्षं तारखा पडतात. त्यांच्याकडे पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहितात, चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, झालं. नवऱ्याच्या चुलतभावाचं असंच झालं आणि त्याचं पुढे दुसरं लग्नही लागलं म्हणे. माझ्या वडिलांनाही ते बरं वाटायला लागलंय कारण गावात बोभाटा नको. मला मात्र धाकधूक आहे.

तर कोर्टात जायचं तर कराडला जाता येतं का पुण्यालाच जावं लागतं, किती वेळ जातो, जज सगळ्यांसमोर घरातलं विचारतात का, आणि माझं सोनं अजून त्यांच्या लॉकरमध्ये आहे त्याचं काय. मी एका पतसंस्थेत आहे, पगार बेताचा, मोठा वकील परवडणार नाही. ज्यांनी यातून गेलंय त्यांनी प्लीज सांगा.

काळाकोट

ताई, आधी स्टॅम्पचं. हिंदू विवाह कायद्याखाली लागलेलं लग्न नोटरीने मोडत नाही, स्टॅम्प पाचशेचा असो नाहीतर पाच हजाराचा. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कायद्याच्या कलम २९ मध्ये त्याला जागा आहे, पण ती रूढी आपल्या समाजात जुनी आणि सतत चालत आलेली आहे हे वेळ आली तर कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांची दांडी उडते. तोवर तुम्ही कायद्याने नवरा-बायकोच. त्या चुलतभावाच्या पहिल्या बायकोने उद्या तक्रार केली तर त्याचं दुसरं लग्न बेकायदेशीर ठरू शकतं आणि फौजदारी वेगळीच, पूर्वीचं कलम ४९४, आता भारतीय न्याय संहितेत ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आमच्याकडे असे कागद घेऊन लोक येतात ते सहसा दहा वर्षांनी, पेन्शनच्या किंवा वारसाच्या भांडणात.

कोर्ट कुठलं, तर लग्न जिथे लागलं ती जागा, शेवटचं एकत्र जिथे राहिलात ती जागा, समोरचा जिथे राहतो ती जागा, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते तीपण. म्हणजे तुम्हाला कराडही चालतं, पुणेही चालतं. पुण्यात शिवाजीनगरला फॅमिली कोर्ट आहे. जिथे फॅमिली कोर्टाची हद्द नाही तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज जातो. लहान मूल आणि नोकरी असताना मी तरी कराडच सांगेन, नवऱ्याला यायला तयार करा.

संमतीचा अर्ज कलम १३ बी खाली. अट एक वर्ष वेगळं राहिल्याची, ती तुमची झालीये. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं, मग दोघांनी परत येऊन हो म्हणायचं, अठरा महिन्यांच्या आत. हे सहा महिने माफ होऊ शकतात, सुप्रीम कोर्टाने २०१७ ला अमरदीप सिंग केसमध्ये सांगितलंय. त्यासाठी अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मूल, सामान सगळं खरोखर मिटलेलं हवं. अर्जानंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. देणं न देणं जजच्या हातात, काही देतात काही देत नाहीत. मार्च २०२५ मध्ये एका क्रिकेटरच्या केसमध्ये फॅमिली कोर्टाने नाकारलं होतं आणि हायकोर्टाने दिलं, ते पेपरात सगळ्यांनी वाचलंच असेल.

सिंहगडरोडची मावशी

अगं वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी बाकीचं सांगते, माझं पुण्यातच झालं म्युच्युअलने.

सगळ्यांसमोर विचारतील ही भीती मलाही होती. कायद्यानेच हे खटले बंद दाराआड चालतात आणि पेपरात छापायलाही बंदी आहे. प्रत्यक्षात हॉलमध्ये पुढच्या नंबरची माणसं, वकील, शिपाई असतात पण तुझ्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो गं, प्रत्येकजण आपलीच फाईल छातीशी धरून बसलेला असतो. जज विचारतात ते एवढंच, स्वतःच्या मर्जीने करताय ना, कोणाचा दबाव नाही ना, कागदावर लिहिलंय ते वाचलंय ना, मुलीचं काय ठरलं. संपलं पाच मिनिटांत. जास्त बोलणं होतं ते समुपदेशकांकडे, तिथे दोघांना एकत्र आणि वेगवेगळं बसवतात. आमच्या मॅडम चांगल्या होत्या, उपदेश नाही केला, पण बारीक बारीक विचारलं, मुलाला शाळेतून कोण आणणार, आजी-आजोबांना भेटायचं झालं तर काय, असं.

खरं डोकं लावायचं ते कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांचं काय ठरलं ते लिहून कोर्टात देतात त्या कागदात. सगळे म्हणतात वकील लिहितो, लिहितो तो, पण तुझ्या घरातलं त्याला काय माहीत. माझ्या मैत्रिणीच्या कागदात लिहिलं होतं की वडील मुलाला महिन्यातून दोनदा सोयीने भेटतील. सोयीने! मग दर पंधरा दिवसांनी सोय कोणाची यावरून फोन. त्यामुळे दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणायला कोण पोचवायला कोण, गणपती कोणाकडे दिवाळी कोणाकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीतले किती दिवस, व्हिडिओ कॉल किती वाजता, आजारी पडली तर रविवार बदलून द्यायचा का, पासपोर्ट काढायचा झाला तर सही देणार, शाळा बदलायची झाली तर विचारणार की नुसतं कळवणार. वाचताना हास्यास्पद वाटतं, मलाही वाटलेलं, पण कागदावर असलं की माणूस भांडत नाही.

आणि दोघांनी गोडीगुलाबीत "मुलीचा खर्च काही नको मला" असं लिहून देऊ नकोस. स्वतःचं सोडायचं तर तुझा प्रश्न, मुलीचा हक्क तिचा असतो, तो आईने सोडला म्हणून सुटत नाही. फी वाढेल तशी रक्कम दरवर्षी किती वाढणार तेही घाल.

आप्पा कुलकर्णी ६२

पाच वर्षांच्या लेकराचा विचार करा. आमच्या काळात मतभेद नव्हते का, पण निभावून नेलं. आजकाल सहनशक्तीच राहिली नाही.

रानजाई

@आप्पा, तिने घटस्फोट घेऊ का असं विचारलेलंच नाहीये. कराड का पुणे हे विचारलंय. त्यावर काही सांगण्यासारखं असेल तर सांगा.

चिंचवडचा

एक धोक्याची बाजू कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. संमती ही शेवटच्या तारखेपर्यंत टिकावी लागते. सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकाल आहे की मधल्या काळात कोणीही एकाने संमती काढून घेतली तर संमतीचा घटस्फोट होत नाही. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं, अर्ज झाला, पैशाचा पहिला हप्ता गेला, आणि दुसऱ्या वेळेला समोरून कोणी आलंच नाही. मग कलम १३ खाली एकतर्फी कारणांवर केस, क्रूरता सिद्ध करा, साक्षी, उलटतपासणी, अंतरिम पोटगीचा अर्ज, दोघांनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्या, तो कागद तर पंचवीस पानी होतो कारण २०२० पासून सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलेल्या नमुन्यातच द्यावा लागतो, बँक स्टेटमेंट, कर्ज, विमा, गावची जमीन सगळं आलं त्यात. कायद्यात लिहिलंय की शक्यतो सहा महिन्यांत केस संपवा. शक्यतो. मी अजून तारखांवरच जातोय.

तुमच्याकडे सामंजस्य आहे म्हणता तर पैशाचा व्यवहार टप्प्याने ठेवा, काही अर्जाच्या वेळी काही निकालाच्या दिवशी, डीडीने किंवा बँकेतून, रोख अजिबात नको. आणि दोन्हीकडे एकमेकांविरुद्ध आधीच्या पोलीस तक्रारी असतील तर त्याचं काय करायचं ते त्याच कागदात लिहा.

कृष्णाकाठची

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, मी ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत वाचतेय. तक्रारी वगैरे काही नाहीत एकमेकांवर. सोन्याचं मात्र सासूबाई म्हणतात की आधी सही करा मग लॉकर उघडू. आणि दुसरं, नवऱ्याला कंपनी बहुतेक जर्मनीला पाठवणारे पुढच्या वर्षी, तर तो मधेच गेला तर अडकेल का? माझ्याकडे मॅरेज सर्टिफिकेट नाहीये, तेव्हा काढलंच नव्हतं.

काळाकोट

सर्टिफिकेट नसलं तरी अडत नाही, लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, दोघांचं आधार, मुलीचा जन्मदाखला ज्यावर आईबापाची नावं आहेत, एवढ्यावर अर्ज होतो. फोटोत सप्तपदी किंवा मंगळसूत्र घालतानाचा असेल तर बरा.

सोनं तुमचं आहे. माहेरून आलेलं, सासरी अंगावर घातलेलं, हे सगळं स्त्रीधन, ते त्यांच्याकडे नुसतं सांभाळायला आहे असं १९८५ पासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय. तरी पण भांडणापेक्षा यादी बरी. बिलं असतील तर बिलं, नसतील तर लग्नाच्या फोटोवरून दागिना, अंदाजे वजन, कोणी दिला असं लिहून ती यादी कन्सेंट टर्म्सला जोडा. "दागिने मिळाले, काही येणं बाकी नाही" हे वाक्य दागिने हातात आल्याशिवाय कागदावर येता कामा नये. लॉकरला दोघंही जा, तिथेच यादीवर सह्या, मग अर्जावर.

जर्मनीचं म्हणाल तर शक्यतो तो जायच्या आधी अर्ज दाखल करा. दोघांनी एकदा प्रत्यक्ष हजर राहिलेलं सगळ्यात सोपं. नंतर व्हिडिओ कॉन्फरन्सने किंवा जवळच्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन काम होऊ शकतं, त्याच २०१७ च्या निकालात त्याला वाव ठेवलाय, पण प्रत्येक कोर्ट तितक्याच खुशीने परवानगी देईल असं नाही.

वकिलाबद्दल, बाईमाणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे बहुतेक बायकांना माहीतच नसतं. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं तिथे साधा अर्ज करायचा, फोन करायचा असेल तर १५१०० वर. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या कामात बायकांना कोर्ट फीही माफ आहे, १९९४ पासून. आणि खासगी वकील केलात तर पूर्ण कामाची ठोक फी आधीच ठरवा, तारखेला एवढे असं नको.

न्यूजर्सीकर

जर्मनी ऐकलं म्हणून मधेच बोलतो. तिकडे जाऊन तिकडच्या कोर्टात घटस्फोट करून टाकू असं कोणी सुचवलं तर जरा थांबा. लग्न भारतात हिंदू पद्धतीने झालेलं असेल तर बाहेरचा निकाल तिथे सहज धरत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एकाने इथला निकाल घेतला, बायको त्यात हजरच नव्हती, आणि भारतात दुसऱ्या लग्नाच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुमचं संमतीचं आहे तर भारतातच उरका.

सिंहगडरोडची मावशी

आणि निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, सर्टिफाइड कॉपी दोन-तीन घ्या, प्रत्येक ठिकाणी तीच मागतात, बँक, पासपोर्ट, विमा, पीएफचं वारस नाव. नाव परत माहेरचं करायचं तर राजपत्रात द्यावं लागतं, ते ऑनलाइन होतं आता. मी नाही बदललं, कारण डिग्री, पॅन, मुलाच्या शाळेत सगळीकडे तेच नाव, कोण त्या फेऱ्या मारणार.

वडिलांचं म्हणशील तर त्यांना घेऊन जा वकिलाकडे. माझे वडीलही बोभाट्याला घाबरायचे. वकिलाने त्यांना एकच विचारलं, उद्या मुलीचं दुसरं लग्न ठरलं तर समोरच्यांना कुठला कागद दाखवणार? नंतर वडीलच प्रत्येक तारखेला यायला लागले, डबा घेऊन.

कृष्णाकाठची

हे वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं आत्ता. काही बोलले नाहीत पण लग्नाचा अल्बम कुठेय विचारलं. सोमवारी अर्धी रजा टाकून विधी सेवावाल्यांकडे जातेय. एक राहिलं, तारीख काय पडली हे दरवेळी वकिलालाच फोन करून विचारायचं का?

काळाकोट

नाही, ई-कोर्ट्सचं सरकारी ॲप आहे, मोफत. केस नोंदवली की सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर मिळतो, तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. नंबर वकिलाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि नवऱ्यालाही पाठवा, म्हणजे तारीख माहीत नव्हती हे कारण कोणाला सांगता येणार नाही.