हवाई अंतर, उड्डाणकाळ आणि तिकिटावरचे सव्वादोन तास

प्रश्न: मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण ११४० किमी. वर गेलेलं जेट विमान ताशी ८०० किमीच्या आसपास जातं. म्हणजे दीड तास पुरायला हवा, पण तिकिटावर सव्वादोन असतात. मग ‘हवाई अंतर’ म्हणजे विमान उडतं तेवढं अंतर, की दुसरंच काही? आणि या अंतराला नि वेळांना मराठीत नेमके शब्द कोणते?

प्रतिसाद: दुसरंच. दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर, बस. आरटीईच्या शाळाप्रवेशात घर ते शाळा हवाई अंतर धरतात, तिथे कोण विमानाने जातंय? मधे नाला असो की रेल्वेचे रूळ, नकाशावरची रेघ किलोमीटरच्या आत आली की झालं. मला ‘सरळ अंतर’ बरं वाटतं.

प्रतिसाद: ‘सरळ’ला अडचण आहे. मुंबई-लंडन सुमारे ७२०० किमी मोजतात ते पृथ्वीच्या गोलाईवरून, बृहद्वृत्ताच्या (गोलावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या) कंसाने. भिंतीवरच्या नकाशात ती रेघ उत्तरेकडे फुगलेली दिसते. हवाईच राहू द्या.

प्रतिसाद: आता वेळेचं. तिकिटावर असतो तो उड्डाणकाळ नव्हेच. विमानवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान जागेवरून हललं तिथपासून ते उतरून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंत. ब्लॉक म्हणजे चाकांचे ठोकळे. घाटात एसटी थांबली की कंडक्टर चाकामागे दगड लावतो, तसलेच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, म्हणून रांग. त्यात बहुतेकदा विमान आधी पश्चिमेला समुद्रावर जातं आणि मग दिल्लीकडे वळतं. तिकडे गर्दी किंवा धुकं असलं की घिरट्या. हे सगळं गृहीत धरूनच वेळापत्रक सैल ठेवतात. म्हणून कधी उशिरा सुटलेलं विमानही ‘वेळेवर’ पोचतं!

प्रश्नकर्ता: मग प्रत्यक्ष हवेत किती?

प्रतिसाद: दीड ते पावणेदोन तास. लंडनचं मात्र घड्याळावरून काढू नका, सुटायची आणि पोचायची वेळ आपापल्या ठिकाणची असते. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचारचा. शिवाय वरच्या थरातले वेगवान वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. अंतर तेच.

प्रतिसाद: बोलण्यात आपण अंतर वेळेतच सांगतो की. ‘नाशिक चार तासांवर’. पूर्वी मजल होती, एका दिवसाची चाल. मजल दरमजल करत जाणाऱ्याला कोस विचारायची गरज नव्हती.

प्रतिसाद: मग हवेतल्या वेळेला ‘उड्डाणकाळ’ आणि तिकिटावरच्या वेळेला ‘प्रवासकाळ’ म्हणू या.

प्रतिसाद: उड्डाणकाळ मान्य. प्रवासकाळाला हरकत. विरारहून निघणाऱ्याचा प्रवास तिकिटावरची वेळ सुरू होण्याच्या चार तास आधीच सुरू झालेला असतो.