वजन उतरवायची स्पर्धा फसली. आता मुलांसाठी काय करावं?

कट्ट्यावरची:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमच्या वसाहतीत साधारण दोनशे घरं आहेत. गेल्या वर्षी रहिवासी समितीनं बारा आठवड्यांची वजन उतरवायची स्पर्धा काढली. समितीत मीही आहे, त्यामुळे हात झटकत नाही. दर रविवारी सकाळी सभागृहात वजनकाटा मांडायचा, लोकांनी रांगेनं उभं राहायचं, मी वहीत आकडे लिहायचे आणि सोमवारी यादी फलकावर लावायची. पहिल्या रविवारी ४३ जण आले. पाचव्याला १९. शेवटच्या दिवशी सात, त्यातल्या चौघांना वजन उतरवायची मुळात गरजच नव्हती. पहिलं बक्षीस मिळालं ते रोज पहाटे पळणाऱ्या गृहस्थांना. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांचं उतरलेलं वजन चार-सहा महिन्यांत परत आलं, असं तेच सांगतात.

पण खरी टोचणी वेगळीच आहे. आठव्या रविवारी एक बारा वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. कुणीतरी गमतीत तिलाही काट्यावर चढवलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. कुणीतरी म्हणजे मीच वाचला. सवयीनं. दोघंतिघंच हसले, पण हसले. ती मुलगी रोज संध्याकाळी खाली खेळायला यायची, ती त्या दिवसापासून दिसली नाही.

आता समितीचं म्हणणं, यंदा हीच स्पर्धा मुलांसाठी घेऊ, 'लठ्ठपणा लहानपणीच रोखला पाहिजे'. रोखला पाहिजे हे मलाही पटतं. पण असा? वजन न करता वस्तीपातळीवर असलं काही करता येतं का, कुठे कुणी केलंय का, आणि वजन करायचं नाही तर उपयोग होतोय हे कळणार कसं? पैसे जवळपास नाहीत. माणसं आहेत, म्हणजे मी आणि अजून तिघी.

रोखठोक:

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वजन ही ज्याची त्याची बाब आहे. तोंडावर ताबा ठेवा, हातपाय हलवा, संपला विषय. वस्ती काय करणार, घास मोजणार? त्या मुलीबाबत झालं ते वाईटच. पण म्हणून लोकांना आरसा दाखवायचाच नाही का?

जुनी शिट्टी:

मी बावीस वर्षं शाळेत खेळाचा तास घेतला, नंतर नऊ वर्षं वस्त्यांमधल्या आरोग्याच्या कामात होतो. त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

आधी कट्ट्यावरची यांना. मुलांची स्पर्धा काहीही करून थांबवा. वाढत्या मुलाचं वजन वाढायलाच हवं, ते उंचीबरोबर कसं वाढतंय एवढाच प्रश्न असतो. मोठ्यांचे बीएमआयचे (म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, त्या मापाचे) २५ आणि ३० हे आकडे मुलांना लावतच नाहीत, वय आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळे तक्ते असतात. दहा वर्षांच्या पोरानं बक्षिसासाठी तीन किलो उतरवले, तर मला आधी त्याची काळजी वाटेल. आणि वजनावरून हसं झालेलं मूल पळायला लागत नाही, ते पळायच्या जागेपासून लांब राहतं. खेळाच्या तासाला 'पोट दुखतंय' म्हणून भिंतीला टेकून बसणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. कारण कळायला मला फार उशीर लागला.

आता रोखठोक. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांत सोडत काढली होती. काहींना कमी गरिबीच्या भागात घर भाड्यानं घेण्यासाठी मदत मिळाली, काहींना नाही. आहाराचा सल्ला कुणालाच दिला नव्हता, कारण योजना घरांची होती. दहा ते पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या बायकांची तपासणी झाली. ज्यांच्या नावे ती मदत निघाली होती, त्यांच्यात ३५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्यांचं प्रमाण शंभरात साधारण साडेचारांनी कमी भरलं, मधुमेहही कमी. सोडतीत नाव निघाल्यानं कुणाचा तोंडावरचा ताबा वाढत नसतो हो. बदलला तो परिसर.

वस्तीपातळीवर कुठे काय झालं, तर माझ्या आवडीची गोष्ट सोमरविलची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे शहर. टफ्ट्स विद्यापीठाच्या क्रिस्टिना इकोनोमॉस यांनी २००२ ते २००५ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी काम केलं. पण नुसतं मुलांवर नाही. शाळेचं स्वयंपाकघर, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग, चालत शाळेत यायचे रस्ते, खाणावळवाले, डॉक्टर, नगरपालिका, सगळे त्यात ओढले. उद्दिष्ट काय, तर मुलाच्या दिवसाच्या हिशोबात फार तर १२५ कॅलरींचा फरक पाडायचा. एकट्या कुणालाही जड जाणार नाही असा, पण सगळीकडून थोडाथोडा. पहिल्या शालेय वर्षाअखेर तुलनेच्या दोन शहरांपेक्षा फरक पडला तो असा, की आठ वर्षांच्या मुलाचं वजन वाढलं, पण साधारण अर्धा किलो कमी वाढलं.

हसू नका. अर्धा किलो एका मुलाचा नव्हे, गावातल्या सगळ्या मुलांचा सरासरी आहे. तुमच्या पहिल्या बक्षीसवाल्याचे उतरलेले किलो फलकावर झोकात दिसतात, पण ते एकट्याचे, आणि त्यांना त्यांची गरजही नव्हती.

ऑस्ट्रेलियातल्या कोलॅक गावातही २००३ ते २००६ असंच काम झालं. गाव लहान, दहा-अकरा हजार वस्तीचं. तीन वर्षांत तिथली मुलं तुलनेच्या मुलांपेक्षा जवळपास एक किलोनं कमी वाढली, कंबर तीन सेंटीमीटरनं कमी. आणि मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती बाब अशी, की इतर ठिकाणी गरीब घरातल्या मुलांचं वजन जास्त वाढत होतं, कोलॅकमध्ये ती दरी दिसली नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर पहिली दोन वर्षं फुकट घालवली. जिन्याजिन्यात तक्ते लावले, 'चला चालूया' वगैरे. व्याख्यानं घेतली, त्यांना आधीच सडपातळ असलेल्या बायका पहिल्या रांगेत बसायच्या. मग एका वस्तीत एक पोरगा मला म्हणाला, सर, मैदानाला कुलूप असतं. मी म्हटलं, छे, मैदान तर सगळ्यांचं आहे. जाऊन पाहिलं, तर खरंच कुलूप. कारण? एकदा चेंडूनं कुणाची तरी काच फुटली होती. चार वर्षांपूर्वी! किल्ली कुणाकडे हे शोधायला तीन आठवडे लागले. त्यानंतर दोन दिवे लागले, पिण्याच्या पाण्याचा नळ दुरुस्त झाला, आणि कुणालाही काहीही न सांगता संध्याकाळी मुलं दुपटीनं यायला लागली. दोन वर्षांच्या तक्त्यांनी जे झालं नाही ते एका किल्लीनं झालं. नळाचं महत्त्वही नंतरच कळलं. नळ बंद होता तेव्हा खेळून तहानलेली मुलं शेजारच्या दुकानातली गोड पेयं प्यायची.

तुमचा शेवटचा प्रश्न उरला. मोजा, पण माणसं मोजू नका. म्हणजे माणसं मोजा, त्यांची वजनं नको. संध्याकाळी सहा ते सात किती मुलं मैदानात होती, मुली किती, पन्नाशीपुढचे किती. शाळेत चालत किती जातात. नळ चालू आहे का. आठवड्यातून दोनच दिवस, ठरलेल्या वेळी, वहीत. डॉक्टरी मोजमाप करायचंच असेल, तर ते दवाखान्यात, दार लावून, घरच्यांच्या संमतीनं.

अजून एक. असं काही सुरू झालं की गोड पेयांची एखादी कंपनी फुकट टीशर्ट घेऊन येते. माझ्याकडेही आली होती, आणि पहिल्यांदा मी घेतलेही. मुलांमधला लठ्ठपणा रोखण्यासाठीच्या फ्रान्सच्या एपोड या मोठ्या कार्यक्रमावर खाद्यकंपन्यांचा पैसा घेतल्याबद्दल पुष्कळ टीका झाली आहे. घेऊ नका.

आकडेमोड:

शिट्टीसाहेब, छान लिहिलंत, पण खडा टाकतो. सोमरविल आणि कोलॅक, दोन्हीकडे गावं चिठ्ठ्या टाकून ठरवलेली नव्हती. एका ठिकाणी काम केलं आणि दुसऱ्या ठिकाणाशी तुलना केली. दोन गावांत आधीपासूनच फरक असू शकतो. उलट इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये ५४ प्राथमिक शाळांवर झालेला 'वेव्ज' अभ्यास बघा. २०१८ साली निष्कर्ष आले. शाळा चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या, वर्षभर रोज तीस मिनिटं जादा हालचाल, पालकांसाठी स्वयंपाकाचे वर्ग, सगळं केलं. मुलांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

म्हणजे चोख मोजलं तिथे परिणाम नाही, ढिलं मोजलं तिथे आहे. हे जरा खटकतं.

जुनी शिट्टी:

खटकायलाच हवं. मलाही खटकतं. वेव्जचा माझा अर्थ असा, की तिथे भार शाळेवर आणि आधीच दमलेल्या शिक्षकांवर पडला, दाराबाहेरचं गाव तसंच राहिलं. पण हा माझा अर्थ, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. आणि तेवढ्यासाठीच मी या बाईंना 'वजन उतरेल' असं वचन देत नाहीये. मैदान उघडं असावं याला मला वजनाचा पुरावा लागत नाही.

स्कॉटलंडच्या स्टर्लिंगमध्ये २०१२ साली एका मुख्याध्यापिकेनं मुलांना रोज पंधरा मिनिटं वर्गाबाहेर सोडायला सुरुवात केली. पळा, चाला, गप्पा मारत जा. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाहीत. तिनं सुरू केलं ते मुलं दमतात म्हणून, वजनासाठी नव्हे. आता कितीतरी देशांतल्या शाळा ते करतात. मला वाटतं, नंबर नाहीत म्हणूनच ते टिकलं. माझ्या तासाला शिट्टी होती आणि नंबरही होते, म्हणून भिंतीला टेकलेली पोरं होती.

रातपाळी:

सगळं वाचलं. एक विचारू? रविवारी सकाळची वेळ कुणी ठरवली? मी रातपाळी करून सकाळी आठला घरी येते. आमच्याकडेही असले कार्यक्रम होतात, सूर्यनमस्कार नाहीतर चालणं, पहाटे साडेपाचला. मग म्हणतात, लोकांना आस्था नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. मैदान समोर दिसतं, पण मध्ये मोठा रस्ता आहे आणि गाड्या थांबत नाहीत. मी झोपलेली असताना तो एकटा ओलांडेल या भीतीनं मी त्याला फोन देऊन घरात बसवते. मला माहीत आहे ते चूक आहे, कुणी व्याख्यान देऊ नये. आहार कळत नाही असंही नाही. कट्ट्यावरची, तुमच्या वहीत जे ४३ जण आले त्यांची नावं आहेत. दोनशे घरांतले जे आलेच नाहीत, त्यांच्याकडे जाऊन 'का नाही आलात' एवढंच विचारा. 'यायला हवं होतं' म्हणू नका.

रोखठोक:

रातपाळी, तुमच्या रस्त्याच्या मुद्द्यावर गप्प बसतो. बाकी माझं मत आहे तिथेच आहे, माणसानं स्वतः ठरवल्याशिवाय काही होत नाही. पण मैदानाला कुलूप असू नये हे मान्य. काच फुटली तर काच भरून द्या की, त्यात काय.

कट्ट्यावरची:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

मुलांची स्पर्धा रद्द झाली, पण पटवून नव्हे. वही मी सांभाळणार नाही म्हटलं, दुसरं कुणी सांभाळायला तयार होईना, म्हणून.

रातपाळी यांचं ऐकून आम्ही चौघी न आलेल्यांपैकी एकतीस घरी गेलो. मला वाटलं होतं, 'वेळ नाही' हेच ऐकू येईल. अकरा घरांनी एकच सांगितलं, मागच्या गल्लीत संध्याकाळनंतर अंधार असतो आणि मुलींना तिकडून खाली सोडवत नाही. मी सतरा वर्षं इथे राहते, पण माझा जिना पुढच्या बाजूला आहे, मला ही गल्ली माहीतच नव्हती म्हणा ना. दिव्याचा अर्ज दिलाय. तो लागेपर्यंत दोन आजोबा सहा ते साडेसात तिथे खुर्च्या टाकून बसतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, चर्चा ऐकून स्वतःहून बसायला लागले.

मोजणी मंगळवारी आणि शुक्रवारी. पहिल्या मंगळवारी चौदा मुलं, त्यात मुली दोन. काल एकवीस, मुली सहा. आकडेमोड, मला माहीत आहे की परीक्षा संपल्यात, त्यामुळे हे कशामुळे झालं ते सांगता येणार नाही. वहीत तसं लिहिलंय.

ती मुलगी अजून आलेली नाही. मी तिच्या घरी गेले होते, तिच्या आईपुढे तिची माफी मागितली. ती आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं, ऐकू गेलं असेल. निघताना आईनं विचारलं, मोजणी कोण करतं. म्हटलं, आम्हीच, आळीपाळीनं. त्या म्हणाल्या, बघू.

शुक्रवारी माझी पाळी आहे.