स्प्लेंडरच्या ड्रेन बोल्टचे आटे गेलेत: हेलीकॉइल की लेथवाल्याकडून बुश?

गारगोटीकर
नमस्कार मंडळी. बाबांची 2006 ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. काल घरीच ऑइल बदलायला घेतलं. ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल काढायचा इंजिनाखालचा बोल्ट, 17 च्या रिंग पान्याला दाद देईना. सुटला तोही मोकळा होऊन नाही, शेवटपर्यंत कचकचतच बाहेर आला. बघतो तर बोल्टच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. खाली एकाच्या जागी दोन वॉशर आणि वर पांढरी टेफ्लॉन टेप. म्हणजे हे दुखणं जुनंच आहे, याआधी कुणीतरी ते नुसतं झाकून ठेवलं होतं.

नवा बोल्ट, नवा वॉशर आणून लावला. हाताने आत जातो, पण पाना लावला की नुसता गरागरा फिरतो. गावातला एक मिस्त्री म्हणतो एम-सील भर. दुसरा म्हणतो क्रँककेसच, म्हणजे इंजिनाचं खालचं अ‍ॅल्युमिनियमचं आवरणच बदल. बाबा पहाटे डेअरीला दूध याच गाडीवर नेतात, त्यामुळे जो उपाय कराल तो टिकाऊ हवा. माझ्याकडे पाने आणि हँड ड्रिल आहे, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) नाही. काय करावं?

घाटवाट
एम-सील नको, हे आधी सांगतो. ती जागा तेलकट, इंजिन रोज तापणार आणि रोज गार होणार, खालून खड्ड्यांचे हादरे. तिथे ते लुकण धरून राहत नाही. बोल्ट वाटेत पडला की सगळं ऑइल रस्त्यावर, आणि त्यातलं बरंचसं थेट मागच्या टायरवर. वळणावर असं झालं तर गाडी हातात राहत नाही. पहाटेच्या अंधारात ऑइलची धार दिसणारही नाही. इंजिन जाम होणं ही त्यानंतरची गोष्ट. दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी बाबांना देऊच नका, कितीही अडचण झाली तरी.

क्रँककेस बदलायचा सल्लाही इतक्यात ऐकू नका. त्यासाठी पूर्ण इंजिन उतरवून फोडावं लागतं. शिवाय इंजिन नंबर क्रँककेसवरच कोरलेला असतो, म्हणजे पुढे आरसी बुक आणि आरटीओचं काम वाढलं.

माळरान
आधी एक साधी तपासणी करा. बोल्ट भोकाच्या शेवटपर्यंत पोचतो का? बऱ्याच गाड्यांत आतल्या बाजूचे दोनचार आटे कोरे राहिलेले असतात, कारण मूळ बोल्ट तिथवर जातच नाही. एक तार टोकाला वाकवून आत घाला, आट्यांची खोली मोजा. आत चांगले आटे असतील तर त्याच मापाचा थोडा लांब बोल्ट पकडू शकतो. मात्र तो आत कशाला टेकत नाही ना, हे बघूनच.

गारगोटीकर
मोजलं. बोल्ट जवळजवळ शेवटपर्यंत जातो, आत एखादाच आटा उरलाय. त्यामुळे हा मार्ग बंद.

लेथवरचा
मी टर्नर आहे, अशी कामं आमच्याकडे नेहमी येतात. सविस्तर लिहितो.

तुमचा बोल्ट 12 मिमीचा, दीड पिचचा, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर दीड मिमी. बोल्ट पोलादाचा आणि केस अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे जास्त आवळलं की नेहमी केसच हरते. आता तुमच्यापुढे खरे पर्याय दोनच.

पहिला, हेलीकॉइल. स्टेनलेस तारेची स्प्रिंग असते. जुनं भोक किंचित मोठं करून हेलीकॉइलच्या खास टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) नवे आटे पाडायचे आणि त्यात ही स्प्रिंग फिरवून बसवायची. आतून पुन्हा 12 मिमीचेच आटे मिळतात, मूळ बोल्ट चालतो. नेहमीचा टॅप इथे चालत नाही, किटमधलाच लागतो. फायदा असा की केसमधला धातू फार कमी कापला जातो.

दुसरा, बुश. भोक चांगलं मोठं करून त्यात बाहेरून 16 मिमी आणि आतून 12 मिमी आटे असलेला कॉलरवाला बुश बसवायचा. हे काम दणकट होतं, पण भोकाभोवती पुरेसा धातू शिल्लक हवा. तिथली भिंत पातळ झाली की चीर जाते, आणि मग वेल्डिंगशिवाय इलाज नाही. म्हणून आधी भोकाभोवतीच्या गोल उंचवट्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. तो बेताचा असेल तर बुशचा विचार सोडा.

बुश करायचाच झाला तर मी पितळेचा सुचवेन. अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पितळ त्याच्या बरंच जवळ जातं, त्यामुळे बुश ढिला पडायची शक्यता कमी. शिवाय बाहेरच्या आट्यांना जास्त तापमान सोसणारं थ्रेड लॉकर (आटे जागेवर धरून ठेवणारा चिकट द्रव) लावायचंच, नाहीतर पुढच्या सर्व्हिसला बोल्टसोबत बुशही बाहेर येईल.

आता खरा मुद्दा. दोन्ही पर्यायांत काम बिघडतं ते दोन कारणांनी: भोक तिरकं जातं किंवा कापलेल्या धातूचा कीस आत राहतो. भोक तिरकं झालं तर बोल्टचं डोकं वॉशरवर सपाट बसत नाही, आणि मग कितीही चांगलं हेलीकॉइल मारा, ऑइल झिरपणारच. ड्रेन बोल्टला सील आटे करत नाहीत, वॉशरची सपाट बसलेली कड करते. टेफ्लॉन टेपने हा दोष जात नाही, फक्त थोडे दिवस दिसत नाही. म्हणून गाडीखाली आडवं पडून हँड ड्रिलने हे करू नका. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गाडी घेऊन या, अर्थात टेम्पोतून. तिथे हे काम हातखंडा आहे.

दोन_चाकी
लेथवरचा यांचं बाकी सगळं पटलं, पण घरी होतच नाही असं नाही. हेलीकॉइलला फार मोठं भोक लागत नाही आणि जुनं भोकच ड्रिलला वाट दाखवतं. मी पुण्यात नाना पेठेत किट घेतलं आणि भावाच्या गाडीचं काम घरी केलं, आजवर एक थेंब गळलेला नाही. टॅप सुरू करताना दोन बाजूंनी गुण्या लावून बघायचा, घाई करायची नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटत जातो. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल उत्तम, नाही मिळालं तर डिझेल. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्यात अडकून बाहेर येतो.

आणि हेलीकॉइलच्या टोकाला आडवी छोटी शेपटी असते, ती बसवल्यावर मोडावी लागते. मोडताना लांब चोचीच्या पक्कडीने घट्ट धरून ठेवा. आत पडली तर चुंबकाने येईल अशा भरवशावर राहू नका, स्टेनलेस सहसा चुंबकाला धरत नाही.

लेथवरचा
गुण्याचा मुद्दा बरोबर. ज्याचा टॅपवर हात बसलाय त्याने जरूर करावं. पण पहिलाच टॅप स्वतःच्या रोजच्या गाडीच्या इंजिनात मारू नये, एवढं माझं मत कायम आहे. आधी भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर मारून बघा.

पश्चिमवारा
आर्गॉन वेल्डिंगने भोक भरून नव्याने आटे पाडले तर?

लेथवरचा
होतं, पण तो शेवटचा उपाय. इतकी वर्षं ऑइल प्यालेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वेल्ड मारला की आत बुडबुडे राहतात, आणि इंजिन न फोडता उष्णता दिली तर शेजारच्या सीलची खात्री नाही. केसला चीर असेल तरच.

गारगोटीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. उंचवटा मोजला, 16 चा बुश घेतला तर भिंत फारच पातळ उरेल असं दिसतंय. म्हणून हेलीकॉइल, आणि तेही उद्यमनगरात. शनिवारी मामांचा टेम्पो रिकामा आहे, त्यात घालून नेतो. तिथे गेल्यावर मी काय पाहायचं? आणि नंतर कीस राहिला नाही हे कसं ओळखायचं?

लेथवरचा
योग्य निर्णय. निघताना पेट्रोल आणि बॅटरी काढून ठेवा, गाडी आडवी करावी लागली तर अडचण नको.

तिथे तीन गोष्टींवर नजर ठेवा. ड्रिल किती आत जाणार ते त्यावर टेप गुंडाळून आधी ठरवून घ्यायला सांगा. स्प्रिंग पृष्ठभागाच्या किंचित आत बसली पाहिजे, वर आलेली चालणार नाही. आणि बाहेरून भोकात हवेचा फवारा मारू देऊ नका, सगळा कीस आत जाईल. हवा मारायची ती वरच्या ऑइल भरायच्या तोंडातून, म्हणजे घाण खाली निघते.

त्यानंतर बोल्ट न लावता वरून अर्धा लिटर स्वस्तातलं ऑइल ओता आणि खाली पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर चमक दिसेनाशी होईपर्यंत हे करा. तोवर इंजिन सुरू करायचं नाही, किकही मारायची नाही. तुमच्या गाडीत कागदी फिल्टर नसतो, जाळी आणि क्रँकवरचा फिरता फिल्टर असतो. दोन्ही उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत. जमलं तर ते कव्हर उघडून दोन्ही साफ करून घ्या, नवं गॅस्केट लागेल.

मग डब्यावर जासो एमए (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल भरा. या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून कारचं ऑइल नको. दोनतीनशे किलोमीटरनंतर तेही बदला.

घाटवाट
आवळण्याबद्दल मी सांगतो. 12 मिमीच्या ड्रेन बोल्टला साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतात, मॅन्युअलमधला आकडा अंतिम. टॉर्क रेंच नसेल तर हिशोब असा: 25 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर दहा किलोचा जोर म्हणजे सुमारे 25 न्यूटन मीटर. भाजीवाल्याच्या ताणकाट्याला पाना अडकवून एकदा ओढून बघा, हाताला अंदाज येतो. वॉशर दर वेळी नवा आणि एकच. पान्यावर पाइप घालून आवळणं कायमचं बंद.

गाडी गरम करून स्टँडवर रात्रभर उभी ठेवा, खाली कोरा पुठ्ठा. सकाळी पुठ्ठा कोरडा असला की मगच बाबांना चावी द्या. जुनं ऑइल मात्र गटारात किंवा ओढ्यात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.