सिलिॲक असताना केनिया सफारी, खाण्याचं कसं जमवायचं?

मुक्ता_फिरस्ती
नमस्कार मंडळी, मसाई मारा आणि अंबोसेली असा बेत ठरतोय. नवऱ्याला सिलिॲक आहे, म्हणजे पथ्यबिथ्य फॅशन म्हणून नाही, गहू, बार्लीत असतं त्या ग्लुटेन प्रथिनाचा कण पोटात गेला तरी माणूस आडवा. एजंटला विचारलं तर म्हणे "हो हो ग्लुटेन फ्री सगळीकडे मिळतं, काळजी करू नका", आणि हे तो इतक्या पटकन म्हणाला की तेव्हापासूनच काळजी लागलीये 😀 मोठं लॉज घ्यावं की छोटा कॅम्प? लॉजला बुफे आहे म्हणजे निवडायला भरपूर असं माझं म्हणणं, नवऱ्याचं नेमकं उलट. आणि पहाटे जीपमध्ये बसल्यावर मध्येच पोट बिघडलं तर? पार्कात वाट्टेल तिथे उतरू देत नाहीत ना? कोणी जाऊन आलंय का?

रानभूल
ताई, नवरोबांचं बरोबर आहे. बुफेत नुसतं बघत उभं राहा पाच मिनिटं, पास्त्यातला डाव शेजारच्या भाजीत, पावाचा चिमटा सॅलडमध्ये, आणि चिप्स त्याच तेलात तळलेले ज्यात आधी सामोसे निघालेत. कोण काय कुठे घालतंय ते शेफच्या हातात उरतच नाही. छोट्या तंबूवाल्या कॅम्पात मोजके पाहुणे, एक शेफ, तो स्वतः टेबलाशी येऊन बोलतो. फक्त त्यांचा किराणा लांबून गाडीने येतो, त्यामुळे आयत्या वेळी सांगून उपयोग नाही, बुकिंग करतानाच कळवा आणि एजंटला म्हणा कॅम्पचं लेखी उत्तर मला फॉरवर्ड कर. ते उत्तर वाचूनच कळतं त्यांना विषय समजलाय की नाही.

आणि तिथे "ग्लुटेन फ्री आहे का" असं विचारूच नका, हो म्हणूनच उत्तर येतं, पाहुण्याला नाही म्हणायला जड जातं लोकांना. सूप दाट कशाने केलंय, मटणाला सोया सॉस लावलाय का, स्टॉक क्यूब (रश्शाला चव आणायची तयार वडी) घातलाय का, असं विचारा. उगाली हा नुसता मक्याचं पीठ आणि पाणी, तो बिनधास्त (पीठ दुसऱ्या कशात मिसळलेलं नाही ना एवढं बघा). तिथली चपाती आणि मंदाझी (तळलेला गोडसर पाव) दोन्ही गव्हाची. बऱ्याच लॉजवर इंडियन जेवण पण असतं आणि आपल्याला वाटतं डाळभात म्हणजे सेफ, पण फोडणीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. संध्याकाळी सनडाउनरला, म्हणजे सूर्यास्त बघत प्यायला, टस्कर बिअर हातात देतील, ती बार्लीची, वाईन घ्या म्हणावं.

दोन_बॅगा_बास
सामानाचं मी सांगतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोटं विमान घेणार असाल तर साधारण १५ किलोच चालतं, हँडबॅग धरून, आणि बॅग मऊ हवी, चाकांची कडक सुटकेस नको. म्हणजे घरून खाऊचं पोतं न्यायचं स्वप्न सोडा, क्रॅकर्स, नट्स, बार एवढंच. ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरू नका, केनियात २०१७ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि पार्कात २०२० पासून एकदाच वापरायचं प्लॅस्टिकही चालत नाही. कंपनीच्या मूळ पाकिटात ठेवा, लेबल पण दाखवता येतं. आणि तंबूत खायचं काही म्हणजे काही ठेवायचं नाही! माकडं चेन उघडतात, खोटं नाही सांगत. डब्यावर नाव लिहून किचनमध्ये द्या.

गोळीवाली
मी फार्मासिस्ट आहे म्हणून थोडंसं. मलेरियाच्या गोळ्या लागतीलच, गोळीत औषधाशिवाय स्टार्च वगैरे असतं ते कशाचं हे तुमच्या केमिस्टला आधी विचारून घ्या, कंपनी बदलली की घटक पण बदलू शकतात. आणि जुलाब उलट्या झाल्या तर ती गोळी अंगाला नीट लागत नाही, तेव्हा काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून आणा. ओआरएस बरोबर ठेवा. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये सिलिॲक लपवू नका, नंतर क्लेम अडतो.

मुक्ता_फिरस्ती
बापरे किती उपयोगी, हिंगाचं तर डोक्यातच आलं नव्हतं! बुफेवाला लॉज कॅन्सल, नवरा विजयी मुद्रेने फिरतोय घरात. पण दिवसभराच्या ड्राइव्हला पॅक ब्रेकफास्ट देतात त्याचं काय?

रानभूल
खरी गोम तिथेच आहे. तो डबा आदल्या रात्री भरतात आणि भरणारा शेफ नसतो, ज्याची ड्युटी असेल तो. एकाच खोक्यात मफिन, त्याला खेटून सोललेलं अंडं, वर सँडविच, मग अंड्यावर मफिनचा भुगा. रात्री जेवताना सांगून ठेवायचं की याचा डबा वेगळा, अंडी सालासकट, अख्खी केळी, ब्रेड बाजूला सुद्धा नको, आणि निघायच्या आधी कॅम्पातच उघडून बघायचा, कारण रानात गेल्यावर बदलून कोण देणार. तुमच्या पोटाच्या प्रश्नाचं, गाइडला पहिल्याच सकाळी सरळ सांगा, लाजू नका. कुठे थांबायला परवानगी आहे, कुठे आडोसा सेफ आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं, "टायर चेक करायचाय" म्हटलं की गाडी थांबते आणि कोणी काही विचारत नाही.

मुक्ता_फिरस्ती
टायर चेक 😂 हे नवऱ्याला आत्ताच सांगते. कॅम्पला मेल पण आजच टाकते, उत्तर आलं की इथे लिहीन.