मदत हवी आहे: .२२ ची काडतुसं संपत आली, सराव कसा टिकवू?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला रायफल नेमबाजीतलं ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून) करतो, हौसेखातर, पण मनापासून. नवी काडतुसं कधी येतील याचा पत्ता नाही आणि कपाटात उरलेत जेमतेम ३५० राउंड. एका मॅचलाच ६० लागतात, वर सायटर (मॅचआधीचे चाचणीचे शॉट) वेगळे. .२२ रिमफायर (पेट घेणारं मिश्रण केसच्या कडेतच असतं) असल्यामुळे रिकामं केस पुन्हा भरायचीही सोय नाही. उसने मागत नाहीये, ते परवान्याच्या नियमात बसत नाही.

सध्या रोज घरी अर्धा तास ड्राय फायर (काडतूस न भरता चाप ओढायचा सराव) करतो आणि आठवड्यातून दोनदा एअर रायफल. स्टँडिंगला (उभ्याने) त्याचा फायदा दिसतो. नीलिंगचं (गुडघ्यावर बसून) मात्र अवघड झालंय: घोट्याखालचा रोल (आधाराची गोल उशी) जरा सरकला की शॉट डावीकडे जातो, आणि हे खरी गोळी झाडल्याशिवाय कळतच नाही.

शिवाय उरलेले राउंड दोन लॉटचे (कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांचे) आहेत. जुन्याचा ग्रुप (लागलेल्या गोळ्यांचा पुंजका) घट्ट येतो, नव्याचा पसरतो. जुना लॉट स्पर्धेसाठी हातही न लावता ठेवावा, की थोडा सरावात वापरून झीरो (साइटची नेमाशी जुळवणी) पक्कं करावं? आठवड्याला किती राउंड पुरवून वापरता? अशा टंचाईतून गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.