गॅलिलिओचे विरोधक निव्वळ मूर्ख होते का?

मंदगती
परवा भाचीच्या शाळेत विज्ञान दिनाचं नाटुकलं पाहिलं. कापसाची दाढी लावलेला गॅलिलिओ, काळ्या झग्यातले चार धर्मगुरू, पुठ्ठ्याची दुर्बीण. गॅलिलिओ म्हणतो, "या, बघा, पृथ्वी फिरते!" धर्मगुरू डोळे गच्च मिटून घेतात. टाळ्या. आपणही शाळेत हेच शिकलो. माझ्या मते ही गोष्ट अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी जास्त मजेदार आहे.

हाताचा अंगठा समोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर जानेवारीत आणि जुलैत आपण दोन वेगळ्या जागांवरून आकाश बघतो. मग जवळचे तारेही असेच थोडे सरकलेले दिसायला हवेत. याला पराशय म्हणतात. डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे दुर्बिणीच्या आधीचा माणूस, पण त्याने वेधशाळेच्या भिंतीतच भलंमोठं पितळी कोनमापक बसवून घेतलं होतं. त्याला पराशय सापडला नाही. म्हणजे एकतर पृथ्वी स्थिर, नाहीतर तारे कल्पनेपलीकडे लांब. आणि डोळ्यांना तर तारा छोट्या टिकलीसारखा दिसतो. इतक्या लांबून टिकली दिसायची, तर तो तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढा हवा! टायकोला हे पटलं नाही. तुम्हाला पटलं असतं?

त्याने तोड काढली ती अशी: सूर्य पृथ्वीभोवती आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओला शुक्राच्या चंद्रासारख्या कला दिसल्या, त्यात सगळंच पृथ्वीभोवती फिरवणारा जुना ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमी बाद झाला. टायको शाबूत राहिला, कारण त्याच्या मांडणीतही शुक्र सूर्याभोवतीच फिरतो. ताऱ्याचा पराशय मोजला गेला थेट १८३८ साली, बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने, हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचा. थोडक्यात, चर्चने गॅलिलिओवर चालवलेल्या १६३३ च्या खटल्यावेळी पृथ्वी फिरते हे सिद्ध झालेलं नव्हतं.

खडीसाखर
साफ असहमत. पुरावा अपुरा होता हे खरं, पण त्याला शिक्षा त्यासाठी झाली का? ६९ वर्षांच्या म्हाताऱ्याला गुडघ्यावर बसवून मत मागे घ्यायला लावलं, मरेपर्यंत घरात डांबलं, ते पराशय सापडला नाही म्हणून? १६१६ सालीच चर्चचा निवाडा झाला होता की सूर्य मध्यभागी स्थिर मानणं पवित्र ग्रंथाच्या विरुद्ध आहे. अंगठा समोर धरून त्याला समजवायला कोणी गेलं नव्हतं हो. बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीतून त्याचं पुस्तक निघालं ते १८३५ मध्ये.

मंदगती
शिक्षेचं समर्थन मी कुठे केलंय? पण १६१६ चं मत नीट वाचा. आधी ही कल्पना 'तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने निरर्थक' म्हटली आहे, धर्मग्रंथाचा मुद्दा त्यानंतर येतो. आणि सगळे झगेवाले डोळे मिटून बसले नव्हते. रोममधल्या जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) गणितज्ञांनी १६११ मध्ये स्वतः दुर्बिणीतून बघून गुरूचे चंद्र मान्य केले. पुढे रिच्चोली नावाच्या जेझुइटाने १६५१ मध्ये पृथ्वीच्या फिरण्याच्या बाजूने ४९ आणि विरोधात ७७ मुद्दे मांडले. त्याच ग्रंथातल्या चंद्राच्या नकाशात एका ठसठशीत विवराला नाव दिलं, पृथ्वी सूर्याभोवती फिरवणाऱ्या कोपर्निकसचं! आपल्याकडे विरोधकाच्या नावाने कोणी गल्लीही ठेवत नाही.

कोपऱ्यातला
दुर्बिणीबद्दल. वांगणीला आकाशदर्शनाला गेलो होतो, मित्राची छोटी दुर्बीण. गुरू शोधायलाच वीस मिनिटं गेली. सापडला की श्वास लागला तरी निसटतो. शेवटी दिसला, आणि बाजूला एका रेषेत तीन ठिपके. घरी येऊन दुसऱ्या रात्री गच्चीवरून पाहिलं तर चार, आणि जागा बदललेल्या. अंगावर काटा आला. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओलाही आधी तीनच दिसले होते.

पण त्याची दुर्बीण याहून वाईट. अख्खा चंद्र एका वेळी मावायचा नाही. एप्रिल १६१० मध्ये त्याने बोलोन्यात विद्वानांना ती दाखवली, तर बऱ्याच जणांना काही धड दिसलं नाही. हॉर्की नावाच्या तरुणाने खगोलशास्त्रज्ञ केप्लरला कळवलं की हे यंत्र जमिनीवर झकास चालतं, आकाशात मात्र फसवतं, एका ताऱ्याचे दोन दाखवतं. नवीन यंत्रावर इतका संशय मीही घेतला असता.

खडीसाखर
हाच तर माझा मुद्दा! शंका आली तर काय करायचं? काही महिन्यांतच केप्लरने दुसरी दुर्बीण मिळवली, स्वतः पाहिलं आणि छापलं की चंद्र आहेत. वाद तिथे मिटला. जुन्या ग्रंथात काय लिहिलंय हे कोणी विचारलं नाही, ज्याला शंका त्याने बघावं. नवीन गोष्ट ही होती. तुम्ही पराशय घेऊन बसलात.

ओसरी
हे सगळं वाचून गंमत वाटते. आर्यभटाने ४९९ मध्ये नावेचा दृष्टान्त देऊन सांगितलं होतं की पृथ्वीच फिरते, तारे मागे जाताना दिसतात. युरोपला हजार वर्षं लागली.

मंदगती
ओसरीताई, आर्यभटाने सांगितलं ते पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, सूर्याभोवती नव्हे. आणि त्यालाही विरोध झालाच. सव्वाशे वर्षांनी ब्रह्मगुप्ताने विचारलं, पृथ्वी फिरते तर उंच वस्तू पडत का नाहीत? टायकोच्या काळातही साधारण हीच हरकत होती. ब्रह्मगुप्ताला मूर्ख म्हणायची आपली हिंमत नाही, मग टायकोलाच का?

शेंगदाणा
दोघांच्या भांडणात केप्लर उपाशी. टायकोच्याच मोजमापांवर तो मंगळाची कक्षा बसवत होता. सगळं जमलं, फक्त एके ठिकाणी आठ मिनिटांचा फरक. एका अंशाचे साठ भाग करा, त्यातले आठ. चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव. दुसऱ्या कोणी 'चालतंय की' म्हटलं असतं. टायको इतका चुकणार नाही म्हणून याने वर्षांची मेहनत मोडीत काढली, आणि १६०९ मध्ये वर्तुळ सोडून लंबवर्तुळ मांडलं. गॅलिलिओ मात्र वर्तुळालाच चिकटून राहिला. वर भरती-ओहोटी हा पृथ्वी फिरण्याचा पुरावा म्हणून मांडला, त्याच्या हिशेबाने दिवसात एकच भरती यायला हवी. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल दोन येतात. केप्लरने चंद्राकडे बोट दाखवलं तर त्यालाच नावं ठेवली.

मंदगती
शेंगदाणा, भरतीचं लिहायला हवं होतं, राहून गेलं. खडीसाखर, तुमचं एक मान्य: धर्मगुरूंना शिक्षा करताना ताऱ्यांच्या अंतराची काळजी नव्हती. पण नाटुकल्यात टायकोला पाच मिनिटं द्यावीत हे माझं म्हणणं कायम. टायकोसारखं पितळी खोटं नाक लावायला पोरांनाही आवडेल.

खडीसाखर
द्या पाच मिनिटं. डोळे मिटणारे धर्मगुरू काढू नका म्हणजे झालं.

कोपऱ्यातला
अंगठ्याचं आत्ता आईला करून दाखवलं. ती म्हणाली, भिंत पुस.